अरबाबचं दुकान

"मनोहरभाई, कानून तो बदल गया है. अब दुकान पूरा तुम्हारे नाम पे होगा," शारजाहून नासिर फोनवर म्हणाला, आणि अमेरिकेतल्या कॅरी गावी, मुलाच्या स्वयंपाकघरात मनोहररावांच्या हातातलं चहाचं गाळणं तसंच अधांतरी राहिलं.

शारजात पंपांच्या सुट्या भागांचं दुकान त्यांनी एकतीस वर्षं चालवलं. माल त्यांनी आणला, गिऱ्हाईक त्यांनी जोडलं. पण परदेशी माणसाला तिथे पूर्ण मालकी मिळत नसे. म्हणून परवाना नासिरच्या वडिलांचा, आणि त्या परवान्यावर मनोहररावांचा व्हिसा, हुद्दा सेल्समन. अशा स्थानिक मालकाला तिथे अरबाब म्हणतात. मनोहररावांच्या जिभेला तो शब्द असा चिकटला, की 'माझं दुकान' असं त्यांच्या तोंडून कधी निघालंच नाही. मुलाच्या, सुशांतच्या, लग्नाच्या बैठकीतही 'अरबाबच्या दुकानात असतो' म्हणून मोकळे झाले. मुलीकडच्यांनी त्यांना नोकर समजून दुसरा चहासुद्धा विचारला नाही. घरी आल्यावर बायको, शैलजाबाई, तणतणल्या होत्या, "मालक म्हणायला काय जीभ झडते का तुमची?"

दोन वर्षांपूर्वी शैलजाबाई गेल्या आणि सुशांत वडिलांना अमेरिकेत घेऊन आला. मागे दुकान गोरखपूरचा राजेश बघत होता; एकोणीस वर्षं तो त्यांच्या हाताखाली होता.

कायदा तसा आधीच बदलला होता. पण म्हाताऱ्या अरबाबने कागद हलवले नाहीत, आणि मागायची मनोहररावांना लाज वाटली. गेल्या महिन्यात अरबाब वारला. जाताना मुलाला बजावून गेला, ज्याचं त्याला दे.

"महिनाअखेर परवाना संपतो. उसके पहले आके साइन करो," नासिर म्हणाला. "नहीं तो मैं बंद करता हूँ."

मनोहररावांनी त्याच दिवशी बॅग काढली. सुशांत ऑफिसातून आला आणि दारातच थांबला.

"बाबा, तुमचं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. आत्ता देश सोडलात तर अ‍ॅप्लिकेशन बाद होईल. परवानगी मागितली तरी ती यायला काही महिने जातील."

"मग परत भरू की अर्ज. पंधरा दिवसांचं तर काम."

"पंधरा दिवस म्हणून जाल आणि तिकडेच राहाल. मला माहितीय." सुशांत बॅगेशेजारी बसला. "दोन वर्षांतून एक महिना यायचात तुम्ही. एकदा मी तुमचा पासपोर्ट पिठाच्या डब्यात लपवला होता. आठवतं? मारलंत मला." चाळिशीतल्या मुलाने बॅगेवर हात ठेवला. "आता नका ना जाऊ, बाबा."

मनोहररावांना आठवत होतं. पीठ झटकलेला तो पासपोर्ट, आणि अंगणात तोंड फिरवून उभं राहिलेलं पोर. त्यांना ते दुकान हवं होतं, जीव तुटेल इतकं हवं होतं. परवान्यावर आपलं नाव कसं दिसेल हे त्यांनी कितीदा तरी मनाशी लिहून पाहिलं होतं. दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. नात ज्ञानदा "आजोबा, are you mad at us?" असं विचारून गेली, तिलाही नुसती मान हलवली.

तिसऱ्या सकाळी त्यांनी नासिरला फोन लावला.

"मैं नहीं आता. मेरा दुकान राजेश को दे दो. उसके नाम पे करो."

फोन ठेवून ते उठले. मग बॅगेतले शर्ट त्यांनी एकेक करून परत हँगरला लावले.

महिनाअखेर नासिरने नव्या परवान्याचा फोटो पाठवला. सुशांतने तो लॅपटॉपवर मोठा करून वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. आधीचा मालक, नासिरचे वडील. नवा मालक, राजेश.

"बाबा, तुमचं नाव कुठेच नाहीये यात," तो हळूच म्हणाला.

"ते कसं असेल? राजेशच्या नावाचं स्पेलिंग तेवढं नीट बघ," मनोहरराव चष्मा पुसत म्हणाले. "मागे त्याच्या व्हिसावर चुकलं होतं. फार हेलपाटे पडले होते बिचाऱ्याला."