पायडलची मोटर

आमचे हे शिंपी. बोलणं मोजकं, वटवट काय ती मशीनची आणि उरलेली माझी. खाली दुकान, वर घर. कापड कापायचं, पायडल मारायचं, संध्याकाळी जिना चढून वर यायचं, एवढंच यांचं जग. साखर होती, गोळी चालू होती. गोळी घेतली की आपली जबाबदारी संपली, असं यांचं मत. मी कानीकपाळी ओरडले तरी फिरायला म्हणून पाऊल बाहेर पडलं नाही. दिवसभर पाय चालतातच की, म्हणायचे, आणखी कशाला चालवू?

तेवढा एक आधार होता, तोही गेला. आमच्या मुलाने पहिल्या पगारात मशीनला मोटर बसवून दिली. लहानपणी दुकानातलं बटण गिळलं होतं, म्हणून सगळे त्याला बटणच म्हणतात. पोरगा मायाळू. बाबांचे पाय दुखतात हे त्याने मनात धरून ठेवलं होतं. आता नुसता पाय टेकवला की मशीन धावायची. हे तर खूश. आल्यागेल्याला मोटर दाखवायचे. बटणालाही मूठभर मांस चढायचं. मग तो पाणी, कात्री, टेप सगळं यांच्या हातात आणून द्यायला लागला. तुम्ही बसा बाबा, तुम्ही बसा. माझ्या कानांना दुसरं काही ऐकूच येईना.

वर्ष सरलं आणि हे जिन्यात थांबायला लागले. कठडा धरून उभे राहायचे, एक हात छातीवर. मी दिसले की तो हात खाली यायचा. यांचा थोरला भाऊही साखरेचाच. एका दुपारी जेवता जेवता हृदयाने दगा दिला आणि माणूस गेला. बटणाला बरोबर घेऊन मी यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. हृदयावर ताण दिसतोय, पण वेळ गेलेली नाही, म्हणाल्या. मग विचारलं, अलीकडे हालचाल कमी झाली का?

"नाही," हे म्हणाले. "सगळं पहिल्यासारखंच."

मला कळलं. पोराच्या मनाला लागू नये म्हणून हा माणूस डॉक्टरसमोर खोटं बोलत होता. मीही होला हो म्हणणार होते. पण दिरांचं अर्धं राहिलेलं ताट डोळ्यांपुढे आलं आणि मला राहवेना.

"मशीनला मोटर बसवली, तेव्हापासून यांचे पाय जागचे हलत नाहीत," मी म्हणाले.

बटणाचा चेहरा खाडकन उतरला. बाईंच्या ते लक्षात आलं. मोटरने आजार दिलेला नाही, त्या म्हणाल्या, आणि नुसत्या पायडलने तो टळलाही नसता. साखर आतल्या आत रक्तवाहिन्या कडक करते, मग हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. झपाझप चाललं की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, वाहिन्या लवचीक राहतात, हृदयालाही बळ येतं. साखरेचा आकडा फारसा उतरला नाही तरी हृदयाला फायदा होतोच. सुरुवात बेताने करायची, छातीत दुखलं तर थांबायचं, गोळ्या चालूच ठेवायच्या. आणि चालायचं असं, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही.

"गाणं मी तसंही म्हणत नाही," हे पुटपुटले.

घरी आल्या आल्या बटण स्क्रू ड्रायव्हर घेऊन दुकानात शिरला. मोटरचा पहिला स्क्रू सैल केला, तेवढ्यात यांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे. मोटरमुळे काम लवकर उरकतं. उरलेल्या वेळात आपण दोघं चालू."

"बाबा, मी तुमचं भलं करायला गेलो आणि..."

"भलंच केलंस. आता माझ्याबरोबर चल. एकट्याला भीती वाटते रे मला."

बटण मान खाली घालून रडायला लागला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण भीती वाटते असं हे माझ्यापाशी कधी बोलले नव्हते. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडा रागही आला. मग मी दोघांच्या चपला दारात आणून ठेवल्या, आणि त्यांच्या शेजारी माझ्याही.