भिंत सरळ आली तेव्हा

जरा जवळ या मित्रांनो, माझा आवाज मोठा नाही. बटण दाबलं की 'खट्', एवढंच मला बोलता येतं. आज मात्र थोडं जास्त बोलणार आहे.

राजारामपुरीत एका गल्लीच्या तोंडाशी छोटासा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या काचेच्या कपाटात राहणारा जुना डिजिटल कॅमेरा म्हणजे मी. माझ्या पट्ट्यावरची अक्षरं पुसून गेलीत. जिथे बोटं टेकतात तिथलं रबर नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत झालंय. ओल धरू नये म्हणून माझ्या शेजारी पांढऱ्या पुड्या ठेवलेल्या असतात. त्यांच्या सोबतीने मी दिवसभर अर्धवट झोपेत असतो, आणि झोपेत मला उजेड दिसतो. हळदीच्या अंगणातला पिवळा, पत्र्याच्या भोकातून पडलेला गोल गोल, बाळाच्या टाळूवरचा तेलकट. कोणता कुठला, ते आता आठवत नाही. सगळे एकमेकांत मिसळून गेलेत.

माझा जन्म फार लांबच्या कारखान्यात झाला. पांढरे मोजे घातलेल्या हातांनी काचेवर काच बसवून माझा डोळा घडवला. ते हात कुणाचे होते, मला कधी कळलं नाही. माझा डोळा तेव्हा उघडलाच नव्हता. पुढे शाहूपुरीतल्या एका दुकानातून ह्या स्टुडिओचे मालक दिलदारचाचा यांनी मला घरी आणलं. खोकं उघडायच्या आधी त्यांनी साबणाने हात धुतले होते. आयुष्यभर रिळाचे कॅमेरे वापरलेला माणूस तो. मला उलटंपालटं करून म्हणाला, "रीळ न्हाय, काय न्हाय. मग फोटू बसतोय कुठं रं तुझ्या पोटात?"

बसले हो, खूप बसले. बारशी, साखरपुडे, कागलच्या एमआयडीसीत नव्या यंत्राला घातलेले हार. मी टिपलेल्या बाळांना आता मिसरूड फुटलंय. लोक फोटो हातात घेऊन म्हणायचे, "चाचा, एकदम क्लिअर!" आणि चाचा शर्टाच्या टोकाने माझी पाठ पुसायचे. माझा डोळा मात्र कधीच शर्टाने पुसला नाही. त्याला वेगळं मऊ कापड होतं.

चाचांचे गुडघे दुखायला लागले आणि मी त्यांच्या मुलीच्या, शबनूरच्या, हातात आलो. तेव्हा तिचं बाळ सहा महिन्यांचं होतं. स्टुडिओच्या आतल्या खोलीत झोळी टांगलेली असायची. बाळ झोपलं की तिला पाऊण तास मिळायचा. त्या पाऊण तासात ती एका पायाने झोळी हलवायची, मला मांडीवर घ्यायची आणि माझं माहितीपुस्तक वाचायची. असं लक्ष देऊन मला आजवर कुणी वाचलं नव्हतं.

आता एक खरी गोष्ट सांगतो. माझ्या डोळ्यात दोष आहेत. पुष्कळ माणसं एका फोटोत घ्यायची म्हणून डोळा रुंद केला, की सरळ भिंत पोट सुटल्यासारखी फुगते. कोपरे अंधारतात. झगझगीत कडेला जांभळी किनार लागते. असे थोडेफार दोष प्रत्येक लेन्समध्ये असतात. पण माझी लेन्स कुठे किती चुकते, याची टिपणं कारखान्यातच माझ्या पोटात भरलेली आहेत. सेटिंगच्या एका पानावर त्यांचे तीन पर्याय आहेत. कोपऱ्यांना उजेड द्यायचा, रंगाची किनार पुसायची, वाकलेलं सरळ करायचं. हवा तो चालू केला, की फोटो काढल्याकाढल्या मीच माझी चूक दुरुस्त करतो.

शबनूरला ते पान सापडलं त्या दुपारी तिला काय आनंद झाला! तिने तिन्ही पर्याय चालू केले आणि समोरच्या दाराचा फोटो काढला.

"अब्बा, बघा की! चौकट सरळ आली!"

"चौकट सरळच हाय ती," चाचा स्टुलावरूनच म्हणाले. "वाकडा तुझा कॅमेरा हुता."

पुस्तकातल्या त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत अजून एक ओळ होती. वाकलेलं सरळ करताना फोटोची कड थोडी कापली जाते, आणि डोळा लावायच्या खिडकीतून पाहताना ते कळत नाही, अशी. शबनूरची नजर तिथवर पोचणार, एवढ्यात झोळी हलली आणि बाळ रडलं. पुस्तक मिटलं. मला ती ओळ पाठ होती. पण मला खट् एवढंच बोलता येतं.

त्याच महिन्यात महापालिकेच्या शाळेतून बोलावणं आलं. दरवर्षी सातवीचा वर्ग शाळा सोडतो, तेव्हा एक फोटो निघतो आणि ऑफिसच्या भिंतीवर लागतो. तिथे आक्काताई नावाच्या शिपाई होत्या. अठ्ठावीस वर्षं शाळेची घंटा त्यांनीच दिली. भिंतीवरचे अठ्ठावीस फोटो दर शनिवारी त्याच पुसायच्या आणि त्यांतल्या एकाही फोटोत त्या नव्हत्या. फोटोच्या वेळी बाकं त्यांनी आणायची, बारकी पोरं मधे येऊ नयेत म्हणून त्यांनीच अडवून धरायची. मग उभं कधी राहणार?

यंदा त्या निवृत्त होणार होत्या. मुख्याध्यापक धैर्यशील सर म्हणाले, "आक्काताई, ह्या वेळी तुम्हीपण फोटोत. एक मेला तुमचा सत्कार आहे, तेव्हा हाच फोटो फ्रेम करून तुम्हाला द्यायचा."

"मी कशाला सर? बाकं कोण उचलनार?"

"आम्ही!" अख्खी सातवी ओरडली.

मधल्या सुट्टीत आक्काताई घरी जाऊन आल्या त्या मोरपंखी साडी नेसूनच. साडीवर घडीच्या रेषा अजून होत्या. मागच्या रांगेच्या अगदी टोकाला त्या उभ्या राहिल्या आणि शेजारच्या, सातवीतल्या मेहकच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. शाळेचं पटांगण एवढंसं. शबनूरची पाठ कुंपणाच्या भिंतीला टेकली, तेव्हा कुठे सगळे खिडकीत मावले. आजवर माझ्या खिडकीत जो दिसला तो फोटोत आलाच, शिवाय कडेला थोडी जागाही उरायची. त्याच भरवशावर तिने बटण दाबलं. खट्. खट्. खट्.

प्रत्येक खट् नंतर माझा लाल दिवा नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लुकलुकला. तेवढ्यात मी शाळेची भिंत सरळ केली. तेवढ्यातच आक्काताईंना कापलं.

शबनूरने पडद्यावर फोटो मोठा करून कुणाचे डोळे मिटलेत का ते पाहिलं. मग भिंतीची रेघ पाहिली आणि स्वतःशीच हसली. कडेला बघायचं राहिलं. बाळ उठल्याचा घरून फोन आला होता.

आठ दिवसांनी फ्रेम तयार होऊन आली. ती न्यायला शाळेतून कोण येणार? शिपाईच येणार. आक्काताई आल्या आणि कागदात गुंडाळलेली फ्रेम त्यांनी छातीशी धरली.

"उघडून बघू का गं? का तितंच उघडायचा असतोय?"

"बघा की मावशी. तुमचाच आहे."

त्यांनी कागद फाडला नाही, सोडवला. मग पहिल्या ओळीपासून प्रत्येक पोरावर बोट ठेवत, नाव घेत त्या निघाल्या. बोट मागच्या रांगेच्या टोकाला पोचलं आणि थांबलं. तिथे मेहक होती. मेहकच्या खांद्यावर चार बोटं आणि दोन हिरव्या बांगड्या होत्या. त्यापुढे फ्रेमचं लाकूड.

"ह्यो माझाच हात न्हवं?"

शबनूरने पुढे होऊन पाहिलं. आक्काताईच हसल्या. "हात आलाय की. घंटा दिल्याला हात हाय त्यो. तोंडाचं काय काम पडलंय?"

चाचांनी चष्मा लावला, फ्रेम उन्हात धरली आणि लेकीला म्हणाले, "भिंत लई झ्याक आलीया. भिंतीचाच फोटू काढ म्हणून सांगिटलंतं व्हय सरांनी?"

शबनूरने धावत माझं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. तिन्ही फोटो तसेच. माझ्यात कच्चा फोटोही ठेवता येतो, त्यात कड शिल्लक असते. पण कार्डावर जागा पुरावी म्हणून तिने फक्त तयार फोटोच ठेवले होते. कापलेली कड मी तेव्हाच टाकून दिली होती.

"मावशी, आत्ता इथे तुमचा एक फोटो काढते आणि कॉम्प्युटरवर तिथे बसवते. कुणालाच कळणार नाही."

"मला कळंल की," आक्काताई म्हणाल्या. "मी तितं उभारलोतो. उनात, पोरांसंगं. हितं पंख्याखाली बसवून चिकटीवलास, तर ती दुसरीच कोणतर बाई."

फ्रेम काउंटरवर ठेवून त्या पायरी उतरल्या. मग मागे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "सरांस्नी सांगू नगंस हां. उगं तुला बोलतील."

त्या संध्याकाळी शबनूरने दिवा लावायच्या आधी मला मांडीवर घेतलं. पुस्तकातलं ते पान उघडून शेवटची ओळ वाचली. पुन्हा वाचली. तिचा अंगठा माझ्या डोळ्याच्या झाकणावर बराच वेळ नुसता फिरत राहिला, जसा तो बाळाच्या भुवईवर फिरतो. माझ्यावर इतकी माया कुणी करावी असं मी त्या दिवशी काही केलं नव्हतं.

"एक मेला झेंडा असतोय," चाचा अंधारातून म्हणाले. "निकालाला समदी पोरं येत्यात. निकाल हातात पडायच्या आत उभी करायची. पडला, की गावायची न्हाईत."

एक मेची सकाळ. झेंडावंदन झालं. निकालपत्रकांचा गठ्ठा टेबलावर होता आणि पोरं एका पायावर. शबनूर सरळ धैर्यशील सरांसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "सर, चूक माझी आहे. फोटोत मावशी कापल्या गेल्या. मला पुन्हा काढायचाय."

सरांनी घड्याळ पाहिलं. सत्कार साडेआठचा होता, पाहुणे वाटेवर होते. "पाच मिनिटं," ते म्हणाले.

"पुन्यांदा कशाला आनी?" आक्काताई घंटेजवळून पुटपुटल्या. पण मेहकने त्यांचा हात धरला आणि पोरांनी बाकं ओढायला सुरुवातही केली.

ह्या वेळी शबनूरने खिडकीला डोळा लावला नाही. मागचा पडदा चालू केला. मी काय कापणार आहे, ते पडद्यावर आधीच दिसतं. दिसलं. आक्काताई अर्ध्याच होत्या. शबनूर मागे सरकली, पण मागे कुंपणाची भिंत होती.

"आक्काताईंना मधे घ्या की," सर म्हणाले.

"मधी नगं सर. कडंनं उभारलं की समदी दिसत्यात मला. कोण पडलं, कोणी ढकललं."

शबनूरने सेटिंगचं ते पान उघडलं. वाकलेलं सरळ करायचा पर्याय तिने बंद केला. कोपऱ्याला उजेड द्यायचा मात्र चालूच ठेवला, कारण आक्काताई कोपऱ्यातच होत्या. पडद्यावर शाळेची भिंत हळूच फुगली, आणि टोकाला मोरपंखी साडी पुरती आत आली.

सरांनी वाकून पाहिलं. "अहो, शाळेची भिंत वाकडी दिसतेय!"

"दिसू द्या की सर," चाचा काठी टेकत म्हणाले. "भिंत कुठं रिटायर हुनार हाय?"

सातवी खो खो हसली. सरही हसले. खट्.

त्या एका खटक्यात मी जन्मभराचं बोललो, मित्रांनो. भिंतीला पोट सुटलेलं, तीन पोरांचे डोळे मिटलेले. पण टोकाला आक्काताई, डोक्यावरच्या पांढऱ्या केसांपासून चपलेपर्यंत. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. रांगेकडे बघत होत्या, बाकावरून कुणी घसरतंय का ते.

शबनूरने मला त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी पदराने डोळे टिपले, पडद्याजवळ तोंड आणलं आणि कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"अगो," त्या हळूच म्हणाल्या, "मी आईगत दिसाय लागलोय की गं. तिचा योक बी फोटू न्हाय माझ्याकडं."

मग त्या वळल्या आणि निकालाची घंटा द्यायला गेल्या.

मित्रांनो, आता स्टुडिओत नवा कॅमेरा आलाय. त्याच्या खिडकीत कापलेली कड आधीच दिसते. फोन तर तुमच्या प्रत्येकाच्या हातात आहे. महिन्यातून एकदा शबनूर मला बाहेर काढते, मऊ कापडाने डोळा पुसते, बॅटरी भरते. तिचं बाळ आता चालतं आणि माझा पट्टा ओढतं. तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी जुनं पडलं असेल, तर त्याला एवढं जपा. ओल लागू देऊ नका, आणि त्याच्याबरोबर आलेलं पुस्तक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

वाकडं सरळ करायची हौस चांगलीच. त्यात कड किती जाते तेवढं बघत जा. सगळ्यांना नीट उभं करून आपण टोकाला जाणारं माणूस तुमच्या घरातही असेल. त्याला मधे ओढू नका. कदाचित तिथूनच त्याला तुम्ही सगळे दिसत असाल. फक्त त्याच्या पलीकडे हातभर मोकळी जागा दिसेपर्यंत बटण दाबू नका.