बाहेरचे चार दिवस

तीन वेळा रक्त दिलं, तिन्ही वेळा थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि रोहिणी घरात ढोंगी ठरली. कागदच बोलतोय म्हटल्यावर माणसाचं कोण ऐकतो! नेवाशाकडचं मे महिन्यातलं ऊन, त्या उन्हात ही बाई स्वेटर घालून कांदे निवडायला बसायची. बोलणं जड झालं होतं, भुवया विरळ झाल्या होत्या, भाकरी थापता थापता डोळा लागायचा. एका डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी झोपेच्या. जिला झोप आवरत नव्हती तिला झोपेच्या गोळ्या!

सासू छबूबाई कामाला वाघीण. तिचं म्हणणं सरळ होतं. "रिपोर्टात काय न्हाई म्हंजी अंगात काय न्हाई. आळसाला औषिद नसतं."

मागच्या आठवड्यात साधा ताप आला आणि रोहिणी गोठ्यात बेशुद्ध पडली. दोन दिवस सलाईन लावल्यावर कुठे डोळे उघडले. तेव्हा नवरा सुनील हादरला. कांद्याचा टेम्पो घेऊन नगरला यायचंच होतं, तेव्हा त्याने बायकोला आणि आईला सावेडीत डॉक्टर मेहरीन यांच्या दवाखान्यात सोडलं. सुनेला डॉक्टरकडे एकटीला पाठवायची त्या घरात रीत नव्हती. सोबत सासू जायची आणि उत्तरंही सासूच द्यायची.

"पाळी वेळेवर येते?" डॉक्टरांनी रोहिणीकडे बघून विचारलं.

"घड्याळावानी," छबूबाई म्हणाली. "चार दिस बाहेर बसती. आमच्यात अजून पाळत्यात. ते चार दिस चूल, झाडलोट, गोठा समदं मीच बघती."

सासू अगदी मनापासून सांगत होती आणि ते साफ खोटं होतं. मुलगी सृष्टी झाली त्याला पाच वर्षं झाली, तेव्हापासून रोहिणीला पाळी आलीच नव्हती. आधी तिने वाट पाहिली. मग एका सकाळी उभं राहायचंही त्राण उरलं नाही, तेव्हा तिने सांगून टाकलं, "कावळा शिवला." पडवीत गोधडीवर चार दिवस पडायला मिळालं. कोणी हाक मारली नाही, कोणी आळशी म्हटलं नाही. पुढच्या महिन्यापासून ती कॅलेंडर बघून बाहेर बसू लागली. आजाराने जी विश्रांती दिली नाही ती विटाळाने दिली, मग तिने तरी काय करावं?

डॉक्टरांनी कागदावर 'पाळी नियमित' असं लिहिलं. "बाळंतपणात काही त्रास?"

"रगत लई गेल्तं. दोन बाटल्या चढवल्या. पन त्याला आता पाच वर्सं झाली की."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "बाळाला अंगावर पाजलं?"

"दूधच आलं न्हाई हिला. पोर वरच्या दुधावर वाढली."

डॉक्टरांनी वरची ओळ पुन्हा वाचली, रिपोर्ट खालीवर केले. "एवढं रक्त जाणं, दूध न येणं, ही थंडी. सगळं एकाच दिशेला जातंय. फक्त पाळी जुळत नाहीये." त्या पुढे झुकल्या. "रोहिणी, आता तुम्ही सांगा. पाळी येते ना?"

रोहिणीने खरं सांगावं तर पाच वर्षांचं खोटं सासूसमोर उघडं पडणार आणि ते चार दिवसही हातचे जाणार. न सांगावं तर पुढचा ताप कसा जाईल याचा नेम नाही. इकडे आड, तिकडे विहीर. शेजारी छबूबाईची नजर तिच्यावर खिळली होती.

"येती," रोहिणी म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. "बरं. मग सध्या ताकदीच्या गोळ्या देते. महिन्याने दाखवा."

"मी सांगतच हुते," म्हणत छबूबाई पदर सावरून उठली. रोहिणीही उठली. दारापर्यंत गेली आणि तिला गोठ्यातलं ते पडणं आठवलं. डोळे मिटत होते तेव्हा सृष्टी तिथेच उभी होती, आईला हलवत होती. पुन्हा असं झालं आणि आपण उठलोच नाही तर?

"न्हाई येत," ती मागे वळून म्हणाली. "डॉक्टर, सृष्टी झाल्यापासून एकदाबी न्हाई आली. मी खोटंच बाहेर बसते."

छबूबाई मटकन खुर्चीत बसली. डॉक्टर मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी लिहिलेला कागद फाडला आणि नवा घेतला.

"थायरॉइडला, दुधाला, पाळीला काम सांगणारी एक ग्रंथी मेंदूखाली असते," त्या म्हणाल्या. "तीन वेळा मोजला तो तिने थायरॉइडला दिलेला हुकूम. बाळंतपणात रक्त जाऊन ती ग्रंथीच सुकली असेल तर हुकूम कागदावर नॉर्मल दिसूनही पोकळ असू शकतो, नुसता तो मोजून भागत नाही. थायरॉइड आणि तिच्या हुकमावर चालणारं बाकीचं प्रत्यक्षात किती काम करतंय ते मोजू."

रक्त घेतलं आणि संध्याकाळी रिपोर्ट आले. थायरॉइडचं काम निम्म्यावर आलेलं. त्याच ग्रंथीच्या हुकमाने अंगात तयार होणारा, तापात, दुखण्यात अंग सावरून धरणारा दुसरा रस तर जवळपास नव्हताच.

"आधी या दुसऱ्याची गोळी, काही दिवसांनी थायरॉइडची. मी सांगेन तेव्हाच, आणि एकही दिवस चुकवायची नाही," डॉक्टरांनी बजावलं. "आणखी एक ताप आला असता तर जीव गेला असता तुमचा."

आपण खरंच आजारी आहोत हे ऐकून कोणाला आनंद होतो का? रोहिणीला झाला. ती हुंदके देऊन रडली.

बाहेर बाकावर दोघी सुनीलची वाट बघत बसल्या.

"पाच वर्सं माज्या डोळ्यांत धूळ टाकलीस," छबूबाई म्हणाली. "लाज न्हाई वाटली?"

"वाटली," रोहिणी म्हणाली. मग तिने जन्मात पहिल्यांदा सासूला उलटा प्रश्न केला. "आत्याबाई, बरं वाटत न्हाई म्हणून चार दिस पडले असते, तर पडू दिलं असतं तुमी?"

दिलं असतं की, असं म्हणायला छबूबाईने तोंड उघडलं. पण तिने सुनेच्या हातातली गोळ्यांची पिशवी घेऊन आपल्या मांडीवर ठेवली.

"न्हाई," ती शेवटी म्हणाली. "हाताला धरून उटवलं असतं तुला."