एकविसाव्या दिवशीचा ढीग

ढिगाची ऊब बघायला नगरपालिकेने ताईला थर्मामीटर दिला होता, पण तो पहिल्याच आठवड्यात फुटला. तेव्हापासून ती लोखंडी सळई ढिगाच्या पोटात खुपसायची, जरा थांबून बाहेर काढायची आणि मुठीत धरायची. पाच मोजायच्या आत सळई सोडावी लागली, की ढीग नीट शिजतोय. शिजतोय हा तिचाच शब्द. "हिच्या घरचं अन्न एक वेळ कच्चं राहील, पण कचरा नाही," असं रेडिओ म्हणायची. रेडिओ म्हणजे नगरपालिकेच्या कचरा-आवारातली सगळ्यात जुनी कामगार. तोंडाला बटण नव्हतं, म्हणून हे नाव.

ओला कचरा डोंगरावर न टाकता त्याचं खत करायचं, अशी नगरपालिकेची नवी योजना होती. सध्या फक्त एका ढिगापुरती. एकविसाव्या दिवशी वरचे साहेब येणार, ढिगात उष्णता मोजायचं यंत्र घालणार. आकडा पंचावन्न अंशांच्या वर गेला तर सगळ्या शहराचा ओला कचरा इथे वळणार. नाहीतर योजना गुंडाळायची आणि गाड्या आहेत तशाच डोंगराकडे.

डोंगर म्हणजे कचऱ्याचाच, आणि तो ताईच्या घराला पाठ लावून उभा. आतल्या आत कुजून तो बारा महिने धुमसायचा. ताईची नऊ वर्षांची लेक गेलं वर्षभर बसून झोपत होती. आडवी झाली की श्वास अडकायचा. डॉक्टर भला माणूस. "औषध देईन मी, पण धूर कसा थांबवू? घर बदला," म्हणाला. घर बदलण्यासारखं असतं तर डोंगराखाली राहिलं कोण असतं? ताईचा सगळा जीव त्या एका ढिगात गुंतला होता.

विसाव्या दिवशी दुपारी तिला भेटीचे कागद भरायला कचेरीत बोलावलं. निघताना ती रेडिओला म्हणाली, "ढिगाला कुणी हात लावायचा नाही हं. झाकलाय तसा राहू दे."

"मी काय मिठी मारणार आहे तुझ्या ढिगाला? जा निवांत."

ताई गेली आणि तासाभराने मामंजी आले. ताईचे सासरे. छत्तीस वर्षं याच खात्यात मुकादमी केलेले. साहेब येणार म्हटलं, की आदल्या दिवशी ब्लीचिंग पावडर मारायची, ही त्यांची शिस्त. गटाराच्या कडेने त्यांनी ओढलेली पांढरी रेघ दोरी धरल्यासारखी सरळ यायची. लोक त्यांना पावडरमास्तर म्हणायचे, आणि त्यांनाही ते गोड वाटायचं. सुनेचा उद्या कस लागणार, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. म्हणून ते कुणी न बोलावता आले होते, खांद्यावर पोतं घेऊन.

त्यांनी झाकण उचललं आणि मागे सरले. "अगं, हा कसला वास? आणि उद्या साहेब येणार?"

"मास्तर, ताई हात लावू नका म्हणाली."

"साधी आहे माझी सून. साहेब लोक तिने कुठे पाहिलेत? वरवर मारून भागणार नाही, वास पोटात आहे. फावडं आण."

रेडिओची उभी हयात त्यांच्या हाताखाली गेलेली. तिने फावडं आणून दिलं, वर आणखी दोघी कामगारणींना हाकही मारली. त्यांनी ढीग फोडला, पसरला, पिंपभर पाण्यात पावडर कालवून थराथरावर ओतली आणि पुन्हा रचला, आधीपेक्षा देखणा. सत्तरी ओलांडलेला माणूस घामाने निथळत होता.

ताईला कचेरीतून सुटायला उशीर झाला. ती परस्पर घरी आली. मामंजी त्या दिवशी दोन घास जास्तच जेवले. "उद्याची काळजी करू नकोस, सूनबाई," एवढंच म्हणाले.

सकाळी देवाचं नाव घेऊन तिने सळई खुपसली. मुठीत धरली. पाच मोजले. दहा. तीस झाले तरी सळई मुठीतच होती, गार. ढिगाला दवाखान्यासारखा वास येत होता. तिने मागे पाहिलं तर रेडिओ गप्प.

"काय झालं गं?"

"मास्तर आले होते," रेडिओ म्हणाली. "तुझ्याच भल्यासाठी."

साहेबांच्या यंत्रावर एकोणतीस आले.

"साहेब, मी परत रचते. एकवीस दिवस द्या फक्त."

"बाई, पावडरीने यातले ऊब देणारे जिवाणू मेलेत. आणि अहवाल मला आजच पाठवायचाय." साहेब काही दुष्ट नव्हते, जरा अवघडून उभे राहिले. "पावडर कुणी टाकली?"

"आमच्याकडूनच पडली," ताई म्हणाली. साहेबांनी तेच लिहून घेतलं.

घरी मामंजी इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसले होते. तिने हळू आवाजात सगळं सांगितलं, एकही शब्द न लपवता. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"पावडरीने कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही, सूनबाई. कमी पडली असेल. एका पोत्याने काय होतंय? पुढच्या वेळी मी दोन आणतो. तू आदल्या दिवशी नुसतं कळव."

ती बघत राहिली. त्यांच्या डोळ्यांत तिच्याविषयी नुसती माया होती.

"बरं, मामंजी," ती म्हणाली.

दुपारनंतर रोजच्यासारख्या गाड्या घराच्या अंगावरून डोंगराकडे जाऊ लागल्या. ताईने खिडकी लावली, फटीत ओलं फडकं कोंबलं. लेक भिंतीला टेकून बसली होती.

"आई, अजून एक उशी दे ना."

घरात उशा तीनच. दोन लेकीच्या पाठीशी, तिसरी मामंजींच्या डोक्याखाली. कालच्या कष्टाने त्यांना गाढ झोप लागली होती. ताईने आपली दोन जुनी लुगडी काढली, त्यांची घडी घातली आणि लेकीच्या मानेमागे सारली. मग गाडी पुढे जाईपर्यंत तिची पाठ धरून बसली.