विस्तव न्यायला कुणी आलं नाही

दगडानं एका जागी गप्प पडून राहावं, एवढीच लोकांची त्याच्याकडून अपेक्षा असते. मित्रांनो, मला ते जमत नाही. मी चुलीचा जुना दगड आहे, तिघांपैकी डावीकडचा. हल्ली अंगणात आंब्याखाली पडून असतो. येणारेजाणारे माझ्यावर टेकतात, पाय मोकळे करतात आणि निघून जातात. मी मात्र आतून तळमळत असतो. का, ते सांगतो. मध्ये अडवू नका, बोलायची सवय नाही मला.

मोठ्या सरोवराकाठच्या आमच्या सुकुमा मुलखात टेकड्या सगळ्या दगडांच्याच. नव्या सुनेनं आपल्या चुलीचे तीन दगड त्यातून स्वतः निवडून आणायचे, अशी आमच्या वाडीची रीत. क्वांडू लग्न होऊन आली तेव्हा सतरा-अठरा वर्षांची असेल. तिनं मला तीनदा उचललं आणि तीनदा खाली ठेवलं. सासू वैतागली. म्हणाली, "अगं, दगड निवडतेस की नवरा?"

"नवरा तुम्ही निवडलात," क्वांडू म्हणाली, "दगड तरी मला निवडू द्या."

सासू हसली. मीही हसलो असतो. मग ती मला डोक्यावर घेऊन टेकडी उतरली, आणि त्या दिवसापासून मी तिचा झालो.

पुढची पन्नास वर्षं मी भाजत होतो, आणि मजेत होतो. माझ्यावर मक्याच्या पिठाची घट्ट उगाली शिजली, रताळी उकडली, सरोवरातली बारकी सुकी मासळी रटरटली. क्वांडूच्या हातची उगाली खाल्लेला पाहुणा पुन्हा वाट वाकडी करून यायचा. रात्री ती राखेखाली निखारे झाकून ठेवायची. सकाळी वाडीतल्या बायका खापरीचे तुकडे घेऊन यायच्या, दोन निखारे न्यायच्या, जाताना नवऱ्यांच्या चार तक्रारी सांगून जायच्या. काडेपेटी दुकानात मिळते हो, पण शेजारणीकडून विस्तव नेणं म्हणजे तुझं-माझं बरं आहे, असं सांगणं. म्हणूनच आमच्या गावात सगळ्यात कडक शिक्षा कोणती, तर त्या घराशी विस्तवाची देवघेव बंद. आणि ती शिक्षा कुणाला होते? हाक ऐकून जो घरात बसतो त्याला. संकटात कुणी मदतीची लांब हाक मारली, की ज्याच्या कानी पडेल त्यानं हातातलं काम टाकून धावायचं आणि धावता धावता तीच हाक पुढे द्यायची. आलं नाही, की विस्तव बंद.

आता माझ्याकडून काय झालं ते ऐका. कपाशीसाठी झाडं तुटली, लाकूड मिळेनासं झालं. क्वांडू शेणाच्या गोवऱ्या लावू लागली. खोपटाला खिडकी नव्हती. गोवरीचा धूर माझ्या अंगावरून उठायचा आणि सरळ तिच्या डोळ्यांत जायचा. ती पदरानं डोळे पुसायची आणि फुंकर मारायची. एक वर्ष नाही, दोन नाही, वीस वर्षं. तिचे डोळे लाल झाले आणि लालच राहिले. ती लाली माझ्यामुळे आली. दुसऱ्या कुणावर खापर फोडून मला सुटायचं नाही.

तिचा नवरा गेला. पोटी मूल नव्हतं. पण धाकट्या दिराचा लुहेंडे होता. त्याची आई तो लहान असतानाच वारली, तेव्हापासून तो ह्याच चुलीपाशी जेवून वाढला. माझ्यावर पाय ठेवून बसायचा, करपलेला पापुद्रा आधी मागायचा. मोठा झाला, अंगणापलीकडे घर बांधलं, कबुलाला लग्न करून आणलं. कबुलाची लेक लिमी क्वांडूच्याच हातांवर जन्मली. आठ महिन्यांची झाली आणि तापानं फणफणली. क्वांडू तीन दिवस मागे लागली होती, पोरीला दवाखान्यात न्या म्हणून. लुहेंडे कोंबडी काखोटीला मारून देवऋष्याकडे गेला. लिमी गेली.

देवऋष्यानं कोंबडी चिरून आत पाहिलं म्हणे, आणि सांगितलं की पोर आपणहून गेलेली नाही, खाल्लेली आहे. खाणारी घराजवळचीच म्हातारी आहे. नाव मी घेत नाही, म्हणाला, तुम्ही डोळे बघा, चेटकिणीचे लाल असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी विस्तव न्यायला कुणी आलं नाही.

क्वांडूनं राख बाजूला केली, निखारे फुलवले आणि दाराकडे बघत बसली. ऊन उंबऱ्यावर आलं. ती म्हणाली, आज सगळ्या उशिरा उठल्या वाटतं. मला मात्र कळून चुकलं होतं. पन्नास वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. माझा जीव टांगणीला लागला.

तिसऱ्या दिवशी लुहेंडे आला. माझ्याजवळ उकिडवा बसला आणि माझ्या बाहेरच्या अंगाला कोयता घासू लागला. माझी ती बाजू सपाट आहे, लहानपणी तो तिच्यावर खिळे घासायचा. क्वांडूनं विचारलं, कशाला रे धार? तो म्हणाला, गवत वाढलंय. उन्हाळ्याचे दिवस, गवत कुठलं आलंय? आणि गवताला कुणी इतकी धार लावत नाही, बोटानं चाचपून पुन्हा पुन्हा घासत नाही. मित्रांनो, ते पातं माझ्या अंगावरून जात होतं आणि मला ओरडता येत नव्हतं.

क्वांडूनं उकडलेलं रताळं त्याच्यापुढे धरलं. "लुहेंडे, खाऊन जा बाळा."

तो उठला आणि गेला. ह्या चुलीवरचं अन्न त्यानं आयुष्यात पहिल्यांदा नाकारलं. तेव्हा तिलाही कळलं. हातातलं रताळं तिनं राखेत ठेवून दिलं.

चौथ्या दिवशी बाजार होता. गडीमाणसं सकाळीच गेली. उन्हं चढली आणि दारात कबुला उभी राहिली, हातात खापरी घेऊन. डोळे रडून सुजलेले, वर धुरानं लालभडक. इथला विस्तव बंद केल्यापासून ती रोज आपली चूल ओल्या गोवऱ्यांनी मुळापासून पेटवत होती.

"काकू, निखारे द्या," ती म्हणाली, आणि मग हळूच, "आणि इथून जा. तो आज येणार आहे."

"कुठे जाऊ पोरी? जिथे जाईन तिथे हे डोळे घेऊनच जाणार ना?"

कबुला मात्र परत गेली नाही. माझ्यापाशी बसून राहिली. दोघी मिळून एका चुलीला फुंकर घालत होत्या. मला वाटलं, आता काही होणार नाही. दगडच मी, मला किती अक्कल असणार?

लुहेंडे भर दुपारी आला. बायकोला तिथे पाहून चपापला, तिला बाहेर हो म्हणाला. ती हलली नाही. त्यानं कोयता उगारला. क्वांडूनं हात आडवा घातला आणि घाव हातावर बसला. रक्ताचे थेंब माझ्यावर पडले आणि चर्र करून वाळले.

कबुला त्याला ढकलून अंगणात धावली. तिथे मात्र थबकली. का ते मला ठाऊक आहे. सख्ख्या नवऱ्यावर हाक घालायची म्हणजे पुढे घरदार राहत नाही. आणि हाक घालून कुणी आलंच नाही तर? चेटकिणीसाठी कोण धावतंय? मग तिनं हाक मारली. लांब, पोटातून, एका श्वासाची. तिच्यामागे सगळं शांत. मी मनातल्या मनात गावकऱ्यांच्या हातापाया पडत होतो. या रे बाबांनो, कुणीतरी या.

पलीकडच्या शेतातून एका बाईनं तीच हाक पुढे दिली. मग दुसरीनं. मग टेकडीखालून, बाजारातून परतणाऱ्या दहा जणांनी.

माणसं धावत आली, पुढे गावराखणीचे म्होरके मासालूबाबा. लुहेंडेच्या हातात कोयता होता, पण तो पळाला नाही. म्हणाला, ही चेटकीण आहे, माझं लेकरू खाल्लंय हिनं, डोळे बघा. आणि सांगायला लाज वाटते, आलेली माणसं जागीच थांबली. काहींनी तर माना डोलावल्या. क्वांडू हात छातीशी धरून माझ्याजवळ बसली होती. एवढी माणसं धावून आली आणि तिला हात लावायला कुणी पुढे होईना.

कबुला मध्ये जाऊन उभी राहिली.

"लिमीला ताप होता. काकू दवाखान्यात न्या म्हणत होत्या, आम्ही कोंबडी घेऊन गेलो. चूक आमची आहे. आणि डोळेच बघायचे तर माझे बघा, तीन दिवस गोवऱ्या फुंकल्यात मी. मासालूबाबा, तुमच्या आईचे डोळे कसे होते?"

 म्हातारा लुहेंडेपाशी गेला आणि त्याच्या हातातून कोयता काढून घेतला.

"पांढरे नव्हते," तो म्हणाला.

सायकलवर बसवून क्वांडूला दवाखान्यात नेलं. हात वाचला, दोन बोटं वाकेनाशी झाली. तिथल्या नर्सबाईंनी डोळ्यांत थेंब घातले आणि धुराबद्दल बायकांना चांगलं तासभर सुनावलं. मासालूबाबांनी लुहेंडेला स्वतः पोलिसांच्या हवाली केलं आणि साक्षही दिली. कबुला आता क्वांडूजवळ राहते, उगाली तीच घोटते. खोपटाला खिडकी पाडली, धुराडं असलेली मातीची चूल घातली. आणि आम्हा तिघांना काढलं बाहेर! पन्नास वर्षं भाजलो, त्याचं हे बक्षीस. रागावलो होतो मी, खोटं कशाला बोलू. पण तिच्या डोळ्यांची आग कमी झालेली पाहिली आणि गप्प बसलो.

गावानं एक नवा नियमही केला. एकटी म्हातारी असेल तिथे रोज सकाळी कुणी ना कुणी विस्तव मागायला जायचंच, घरात काडेपेटी असली तरी. ऊन उंबऱ्यावर येईपर्यंत खापरी घेऊन कुणी गेलं नाही, तर त्याच वेळी हाक द्यायची. घाव बसेपर्यंत थांबायचं नाही.

मग मी का तळमळतो? देवऋषी टेकडीपलीकडच्या गावात गेला आहे. तिथेही म्हाताऱ्या आहेत, गोवऱ्या आहेत, बिनखिडकीची खोपटी आहेत. त्या चुलींपाशी आज सकाळी कुणी गेलं का, मला इथून दिसत नाही. संध्याकाळी क्वांडू येऊन माझ्यावर बसते. कोयत्यानं घासलेली गुळगुळीत रेघ अजून माझ्या अंगावर आहे. न वाकणाऱ्या बोटांनी ती तिच्यावरून हात फिरवते आणि माझ्यासारखीच टेकडीकडे बघत बसते.

मित्रांनो, तुमच्या शेजारीही कुणी म्हातारी राहत असेल. आज तिच्या दाराशी कोण गेलं होतं, आठवून बघा. कुणीच गेलं नसेल तर उद्या तुम्ही जा. विस्तव नको असेल तर चिमूटभर मीठ मागा, पण जा.