दिवे लागेपर्यंत

"अर्धा तास," मेनेर होइट्स्मा म्हणाले. "दोन ते अडीच. प्रतीकात्मक."

तो शब्द ऐकला आणि माझं डोकंच सटकलं.

दोन वर्षं आमचं सगळं प्रतीकात्मकच चाललं होतं. शाळा प्रतीकात्मक. मंडळाचा गणपती झूमवर, आरतीत प्रत्येकाची 'सुखकर्ता' वेगळ्या वेळी पोचणार. माझ्या पंधराव्या वाढदिवसाला पुण्याच्या नातेवाइकांनी स्क्रीनलाच केक भरवला. त्या सगळ्या काळात माझा कॅमेरा बंद असायचा आणि प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलं, 'ऋता शांत आहे.' मी शांत नव्हते, म्यूटवर होते. सप्टेंबरात शाळा उघडली तेव्हा ठरवून टाकलं की आता मला म्यूट करायचं काम कुणी करायचं नाही.

आणि इथे हे गृहस्थ, डचमध्ये 'मेनेर', चक्क घंटेलाच म्यूट करायला निघालेले.

एल्दुम हे नेदरलँड्सच्या उत्तरेला, फ्रिजलँडमधलं बारकंसं गाव. फेन्ना माझ्या वर्गात आहे आणि तिचे आजी-आजोबा तिथे राहतात. फ्रिजियनमध्ये आजोबांना पाके म्हणतात, आजीला बेप्पे. नाताळापुरते घरी चार पाहुणे चालत होते आणि आम्ही तीनच होतो: फेन्ना, मी आणि आमच्या रायस्वाइकच्या बिल्डिंगमधली गुंजन. द हेगहून लेउवार्डनची गाडी, पुढे बस, पूर्ण वेळ तोंडाला मास्क. निघताना आईने पिशवीत सेल्फटेस्टचा आख्खा खोका कोंबला होता.

"चर्चची घंटा वाजवायला दोन दिवस जायचं?" मालिनीमावशी आईला फोनवर म्हणाली होती, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "नाही म्हणजे, जाऊ दे बापडी. पण उद्या धर्मबिर्म बदलून आली म्हणजे?"

"मावशी, तिथे चर्चच नाहीये," मी लांबूनच ओरडले.

खरंच नाहीये. गावाकडे पैसे नव्हते म्हणून चर्च कधीकाळी पाडलं, पण घंटा ठेवली. दफनभूमीत चार जाडजूड ओकचे खांब, वर छोटंसं छप्पर आणि त्याखाली ती. दोन बाजूंना दोन दोर, दोघांनी आळीपाळीने ओढायचे. वर्षातल्या शेवटच्या रविवारी दुपारी दोनला सुरू करायचं आणि कोपऱ्यावरचा रस्त्याचा दिवा लागेपर्यंत थांबू द्यायची नाही, अशी गावाची रीत. वर्ष वाजवून बाहेर घालवायचं.

गेल्या वर्षी करोनामुळे कुणी वाजवलीच नाही. म्हणून पाकेंच्या स्वयंपाकघरात अजून २०२०चं कॅलेंडर लटकत होतं, डिसेंबरच्या पानावर.

"पाके, ते काढा ना आता," फेन्ना शनिवारी रात्री म्हणाली.

"कशाला? वर्ष संपलंय का?" पाके खुर्चीतून म्हणाले. त्यांची फुप्फुसं कमजोर आहेत. मार्च २०२० पासून ते डॉक्टरकडे सोडून कुठेच गेले नव्हते. "मी चाळीस वर्षं दोर ओढलाय. वाजवल्याशिवाय वर्ष जात नाही. मी अजून २०२०मध्येच आहे. तुम्ही खुशाल २०२१मध्ये राहा."

बेप्पे भांडी पुसत म्हणाल्या, "ऐकलंत? लस घेतली तीही २०२०मध्येच म्हणे. डॉक्टरला तसं लिहायला सांगत होते."

आम्ही हसलो. पाके हसले नाहीत. त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. "उद्या ही उघडी ठेवणार. दिवे लागेपर्यंत ऐकणार. त्याआधी थांबलात तर कॅलेंडरला हात लावायचा नाही."

आणि रविवारी दफनभूमीच्या फाटकाशी घंटा समितीचे प्रमुख मेनेर होइट्स्मा आम्हाला अर्धा तास देत होते.

"गावातली मुलं क्वारंटाइनमध्ये आहेत," ते म्हणाले. "तुम्ही शहरातल्या मुली. दहा मिनिटांत हात सोलतील. शिवाय नियम आहेत." आणि त्यांनी खांबांभोवती स्वतःच्या हाताने लावलेली लाल-पांढरी पट्टी दाखवली. "आत फक्त वाजवणारे. बाकी सगळे पट्टीच्या बाहेर, दीड मीटरवर. अपवाद नाही. कळलं?"

"कळलं, मेनेर," मी म्हणाले. आणि खरंच कळलं होतं.

दोनला आम्ही सुरू केलं. पहिल्यांदा घंटा नुसती कुरकुरली. मग झुलायला लागली. आणि मग तिने जो काय आवाज काढला! छातीतच वाजला. फेन्नाला पाकेंनी शिकवलेलं होतं, तिने आम्हाला शिकवलं: ताकद नाही लावायची, दोर वर जाताना जाऊ द्यायचा, खाली यायला लागला की ओढायचा. गुंजन आणि मी मराठीत ताल धरला.

"ओढ! सोड! ओढ! सोड!"

"ए बाई, सोड म्हणजे अगदी सोडून नको देऊस," गुंजन किंचाळली, "माझा खांदा निखळेल!"

बदली अशी करायची: तिसरीने मागून येऊन दोर वरून पकडायचा, तीन-चार ठोके दोघींनी मिळून ओढायचे, मग खालचीने हात काढायचे. घंटेला पत्ता लागता कामा नये. तीन-चार बदल्यांत आम्हाला ते जमलं.

अडीच वाजले.

"पुरे!" मेनेर होइट्स्मांनी फाटकातून हात हलवला.

मी आणि फेन्ना दोरावर होतो. फेन्नाने माझ्याकडे पाहिलं. "ऋता?"

"ओढ," मी म्हणाले.

फेन्नाला तो शब्द आता येत होता. तिने ओढला.

"मुलींनो! वेळ संपली!" ते तरातरा चालत पट्टीपर्यंत आले. एक पाय उचलला.

"मेनेर," मी ओरडले. मास्क हनुवटीवर होता आणि माझा आवाज घंटेच्या वर गेला. माझाच आवाज! "दीड मीटर!"

ते थबकले. पाय तसाच हवेत.

"आत फक्त वाजवणारे," मी म्हणाले. "अपवाद नाही."

गुंजन गवतावर बसून हसत सुटली. मेनेर होइट्स्मांनी पाय मागे घेतला. त्यांचा चेहरा पट्टीसारखा झाला, थोडा लाल, थोडा पांढरा.

"मी पोलिसांना बोलवेन."

"बोलवा ना. त्यांनाही पट्टीच्या बाहेरच उभं राहावं लागेल."

"हे उद्धटपणाचं आहे!"

"हो, मेनेर. पण अर्धा तास वाजवून वर्ष जात नाही. तुमच्याच गावात सांगतात तसं."

त्यांनी फोन काढला, थोडा वेळ तो हातात धरला आणि परत खिशात टाकला. गेले मात्र नाहीत. पट्टीबाहेर हाताची घडी घालून उभे राहिले, आमचे हात सोलायची वाट बघत असावेत.

आणि हात सोलले. माझे आधी, मग गुंजनचे. थंडीने दोर ताठ झाला होता, लोकरीचे हातमोजे त्यावरून सटकत होते, म्हणून आम्ही ते काढून टाकले होते. लोक कुंपणाशी जमायला लागले, अंतर ठेवून, एकेक घर एकेक घोळक्यात. एका आजोबांनी वाटाणा-सूपचा थर्मास भिंतीवर ठेवला. खिशात माझा फोन थरथरत होता. नक्की आईच. उचलायला हात कुठे होता?

गुंजनने तळहात बघितला. फोड फुटून रक्त आलं होतं. "ऋता, माझं संपलं गं. खरंच."

"जा, बस. सूप पी."

"आणि तुम्ही दोघी? बदलीला कोण?"

"कुणी नाही."

त्यानंतर ताल बिघडला. एक ठोका लंगडा आला, पुढचा त्याहून लंगडा. फेन्नाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती तरीही पुटपुटत होती, "ओढ, सोड, ओढ..." माझ्या मनात एकच, की तिकडे खिडकी उघडी आहे. हा लंगडा ठोकाही पाकेंना ऐकू जातोय.

तेवढ्यात माझ्या पायाशी काहीतरी येऊन पडलं. जाड चामड्याच्या हातमोज्यांची जोडी. मग फेन्नाच्या पायाशी दुसरी. मेनेर होइट्स्मांनी पट्टीबाहेरून फेकली होती, अगदी दीड मीटरवरून.

"दोराला रक्त लावू नका," ते गुरगुरले. "दोर समितीचा आहे."

मोजे घालायचे तरी कसे? एक हात दोरावर, दुसरा मोजा दातांत. फेन्ना दोन्ही बाजूंचं ओझं एकटी पेलत राहिली, मग मी तिच्यासाठी. घंटा अडखळली, पण थांबली नाही. मोजे मोठे होते, आत कुणाच्या तरी हाताची ऊब अजून होती. ताल परत आला.

आकाश करडं झालं, मग निळसर काळं. कोपऱ्यावरचा दिवा काही लागेना. मी त्या दिव्याला मराठीत ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही. गुंजनलाच तेवढ्या कळल्या आणि तिने त्यात दोन नवीन घातल्या.

मग तो लागला. आधी लुकलुकला आणि मग लागला. कुंपणाशी कुणीतरी टाळी वाजवली. आम्ही दोर सोडले आणि घंटा आपली आपण हळूहळू दमली.

मी मोजे काढून पट्टीवर ठेवले.

"पुढच्या वर्षी तुम्हाला परवानगी मिळणार नाही," मेनेर होइट्स्मा म्हणाले.

"पुढच्या वर्षी बघू," मी म्हणाले.

घरी शिरलो तेव्हा स्वयंपाकघर गारठलेलं होतं. खिडकी सताड उघडी. पाके कोट घालून, टोपी घालून, गुडघ्यांवर दोन गोधड्या घेऊन बसले होते.

"दिवा लागायच्या आधी एकदा अडखळली," ते म्हणाले.

"मोजे घालत होतो," मी म्हणाले.

"कुणाचे?"

"होइट्स्मांचे."

पाकेंनी भुवया उंचावल्या आणि बराच वेळ खालीच आणल्या नाहीत. मग त्यांनी भिंतीकडे मान वळवली. "माझा हात तिथे पोचत नाही. तू काढ."

मी सोललेल्या बोटांनी २०२० खिळ्यावरून उतरवलं. मागे भिंतीवर फिकट चौकोन उरला.

"आता खिडकी लावा कुणीतरी," पाके म्हणाले. "मरतोय थंडीने."

फोनवर आईचे सतरा मिस्ड कॉल होते. मी फोन लावला.

"कुठे होतीस? आणि आवाज का असा बसलाय तुझा?"

"ओरडत होते."

"कुणावर?"

"सांगते," मी म्हणाले. "आधी स्पीकर चालू कर आणि बाबांनाही बोलाव. मोठी गोष्ट आहे."