पाउंड-मोलचा काटा

जयवंता कामावर आली त्या दिवसापासून ती रूपरावच्या डोळ्यात खुपत होती.

नाचणगावच्या पुढे, पुलगावच्या वाटेवर, सरकीच्या तेलापासून वनस्पती तूप करणारा एक कारखाना होता. तिथल्या प्रयोगशाळेत रूपराव केमिस्ट होता, कारखाना उभा राहिल्यापासूनचा. मोठे केमिस्ट लवकरच निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची आपलीच, असं त्याने बायकोला, भावाला, अगदी सासुरवाडीलाही सांगून ठेवलं होतं. १९७९ साली जयवंता आली. नागपूरहून एम.एस्सी. होऊन आलेली, पुलगावच्या एका रेल्वे कामगाराची मुलगी. रूपराव नुसता बी.एस्सी. होता. मॅनेजर भैय्याजी आता तेलाचा नमुना हातात घेतला की म्हणायचे, "जयवंताबाईले दाखवा." हे वाक्य रूपरावला दिवसभर टोचत राही.

घरी त्याचा भाऊ म्हणाला, "त्यायच्या पोरी आता साहेब होऊन राह्यल्या. आपण पाहात राहा."

असलं जातीवरून बोलणं रूपरावला पटत नसे. पण त्या संध्याकाळी त्याने भावाला अडवलं नाही. ऐकायला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून रात्री जेवण गेलं नाही.

पावसाळ्यानंतर गॅसचा मीटर बिघडला. तापलेल्या तेलात हायड्रोजन सोडला की तेल घट्ट होतं. तो किती वेगाने जातो हे मीटर दाखवतो. भैय्याजींनी मुंबईहून एक जुना विलायती मीटर आणला आणि बसवायची जबाबदारी दिली जयवंताला.

कारखान्याचा तक्ता मिनिटाला किती मोल, या हिशेबाचा होता. डझनात जशी अंडी मोजतात, तसे मोलमध्ये वायूचे रेणू मोजतात. मिनिटाला पन्नास मोल हायड्रोजन लागायचा. नव्या मीटरची तबकडी मात्र तासाच्या हिशेबाची होती. जयवंताने कागदावर गणित मांडलं: पन्नास गुणिले साठ, तासाला तीन हजार मोल, हजाराने भागले की तीन. काटा तीनवर ठेवायचा.

"रूपरावभाऊ, एकदा पाहून घ्या ना," कागद पुढे करत ती म्हणाली. "उद्या मले चुलतबहिणीच्या लग्नाले गिरडले जा लागते."

रूपरावने कागद पाहिला आणि चूक त्याच्या लगेच लक्षात आली. खोका उघडताना त्याने तबकडी निरखली होती. आकड्यांखाली पुसट अक्षरांत पाउंड-मोल लिहिलेलं होतं. जयवंताने तो किलोमोल धरला होता. किलोमोल म्हणजे हजार मोल. पाउंड-मोल म्हणजे जेमतेम साडेचारशे. काटा साडेसहाच्या थोडा पुढे हवा होता. तीनवर ठेवला तर अर्ध्याहून कमी वायू जाणार.

"ठीक आहे," रूपराव म्हणाला.

"बरोबर आहे ना?"

"ठीक आहे म्हटलं ना."

रात्रभर तो मनात एकच प्रसंग रंगवत होता: तूप घट्ट होत नाही, सगळे गोंधळलेत, आणि आपण शांतपणे पुढे होऊन भैय्याजींना म्हणतो, एम.एस्सी.वाल्या बाईंचं गणित चुकलं.

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. दुपार झाली तरी नमुना बशीत पाण्यासारखा हलत होता. भैय्याजी तडक यंत्राजवळ गेले आणि गॅस सोडणाऱ्या बाबारावावर ओरडले.

"झोपला होता का तू? वाल्व पूरा खोललाच नाही! उद्यापासून येऊ नको."

बाबाराव घाबरून काट्याकडे बोट दाखवत होता. "तीनवरच आहे साहेब. बाईनं सांगितलं तसाच ठेवला. पाहा ना."

याच क्षणाची रूपराव वाट पाहत होता. पण रात्री रंगवलेल्या प्रसंगात बाबाराव कुठे नव्हता.

"त्याची चूक नाही," तो म्हणाला. "गणित चुकलं. तबकडी पाउंड-मोलची आहे. काटा साडेसहाच्या पुढे पाहिजे."

बाबारावाने काटा सरकवला. भैय्याजी रूपरावकडे वळले. "वा! तुमाले कधी समजलं?"

आत्ताच, म्हटलं असतं तर खुर्ची मिळाली असती. बाबाराव अजून काट्याजवळच उभा होता.

"काल," रूपराव म्हणाला.

भैय्याजी पाठ फिरवून निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

जयवंता परत आली तेव्हा तिला सगळं कळलं होतं. आधी ती बाबारावाकडे गेली, चूक माझी होती असं चारचौघांत म्हणाली. मग रूपरावच्या टेबलाशी आली.

"काऊन नाही सांगितलं भाऊ?"

"जळत होतो तुमच्यावर."

"मी विश्वासानं कागद दिला होता," एवढंच ती म्हणाली. पुढे कित्येक आठवडे कामापलीकडे त्याच्याशी बोलली नाही. आणि रूपरावला आणखी एका गोष्टीचा हेवा वाटू लागला: माझी चूक, हे शब्द तिला इतके सहज कसे जमले.

एक्याऐंशीत जयवंता मोठी केमिस्ट झाली. तिने पहिल्याच दिवशी नियम केला की प्रत्येक गणित दुसऱ्याने नव्याने मांडून पाहायचं, आणि स्वतःचे कागद तिने रूपरावकडेच पाठवले. त्यात दोनदा चूक निघाली. दोन्ही वेळा तो लगेच उठून सांगायला गेला.

जयवंताच्या बढतीच्या त्या पहिल्या दिवशी तो पेढे घेऊन घरी आला होता. आनंदाबाई, त्याची बायको, म्हणाली, "कायचे पेढे?"

"जयवंताबाई मोठ्या केमिस्ट झाल्या."

"आन् तुमी?"

"मी त्यायचे कागद तपासतो."

आनंदाबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि एक पेढा त्याच्या हातावर ठेवला. रूपरावला तो काही गोड लागला नाही. तरी त्याने तो सगळा खाल्ला.